टायमिंग चेनचा ताळा

मोटारसायकलच्या इंजिनाचे टायमिंग कसे लावतात, हे मला साठीजवळ येताना कळले. आता ते इतके नीट येते की कोणी फळ्यासमोर उभे केले, तर एका तासिकेत समजावून देता येईल. मला ते येण्याचे कारण एवढेच, की आमच्या मुलाने तेच एक काम स्वयंपाकघरामागच्या सर्व्हिस यार्डात, म्हणजे कपडे धुण्या-वाळवण्याच्या जागेत, कित्येक महिने पुन्हा पुन्हा केले. ते चुकत होते म्हणून नव्हे. ते दर वेळी बरोबर येत होते.

काम काय असते ते आधी सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि एक दांडा फिरवतात, तो क्रँक. इंजिनाच्या माथ्यावर दोन आडवे दांडे असतात, ते कॅम. कॅमवरच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात: एका कॅममुळे हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यामुळे धूर बाहेर जातो. क्रँक दोनदा फिरेल तेव्हा कॅम एकदा फिरला पाहिजे, आणि तोही ठरलेल्या जागेवरून सुरुवात करून. हे तिघे एका बारीक साखळीने, टायमिंग चेनने, जोडलेले असतात. ती दातेरी चाकांवर चढवताना एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन रडतखडत चालते. अधिक चुकले तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून क्रँकवर एक खूण असते, कॅमच्या चाकांवर बाण कोरलेले असतात, आणि एका बाणापासून दुसऱ्यापर्यंत साखळीच्या किती पिना याव्यात हे पुस्तिकेत दिलेले असते. खुणा जुळवायच्या, पिना मोजायच्या, कॅमवरच्या टोप्या बोल्टने आवळायच्या, क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवायचा आणि बाण जागेवर परत आले का ते पाहायचे. आले, की झाकण लावायचे. तिथे काम संपते.

आमच्या घरात ते तिथे संपत नव्हते.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले, तिथेच पुढे गणित शिकवले, आणि लग्नानंतर काही वर्षांनी सिंगापूरला आले. यजमान जहाजावर चीफ इंजिनिअर आहेत. वर्षातले बरेच महिने बाहेर असतात. मी बुकित तिमाहला एका शिकवणी केंद्रात गणित शिकवते. मुलगा लहानाचा मोठा इथेच झाला. वन-नॉर्थमध्ये एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचे काम करीत असे. करीत असे, असे लिहावे लागते. आधी तो पाठवलेले ईमेल पुन्हा उघडून वाचू लागला. मग एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत जाऊन, दार नीट लागले का हे पाहायला परत येऊ लागला. मग त्याच्या वरिष्ठांनी, चांगल्या शब्दांत, त्याला मोठ्या रजेवर जायला सांगितले.

त्या रजेच्या सुरुवातीला त्याने इंजिन उघडले. मोटारसायकल जुनी, दोन सिलिंडरची. टायमिंग चेन सैल होऊन आवाज करीत होती. कारपार्कमध्ये इतके दिवस काम करू देणार नाहीत, म्हणून तो आणि त्याचा एक मित्र सामानाच्या ट्रॉलीवर इंजिन घालून लिफ्टने वर घेऊन आले. शेजारचे अंकल लिफ्टबाहेर उभे होते. त्यांनी ट्रॉलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "वाह, ऑन्टी, रात्रीच्या जेवणाला हेच का?" त्यांनी इंग्रजीत विचारले. मुलगा हसला. त्याला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते, म्हणून जुनी वर्तमानपत्रे अंथरायला मीच धावले.

पुढचे काही आठवडे बरे गेले. त्याच्या नखांत काळे ग्रीस असे, तो वेळेवर जेवत असे. नवी साखळी आली. एका रविवारी सकाळी त्याने मला हाक मारली.

"आई, जरा येशील? दोन हात कमी पडतायत."

कॅम बसवताना क्रँक हलू द्यायचा नसतो आणि साखळी ताणलेली ठेवायची असते. एकट्याने ते अवघड जाते. मी पाना धरून बसले. त्याने एक कॅम बसवला, बाण जुळवला, साखळी चढवली, आणि दुसऱ्या कॅमची जागा मोजू लागला. मोजून झाल्यावर म्हणाला, "तूपण मोज. बाणापासून पंधरावी पिन."

मी मोजली आणि बोट ठेवले.

"ही नाही. ही." त्याचे बोट माझ्या बोटाच्या पुढच्या पिनेवर होते.

"तू शून्यापासून मोजलंस."

"आम्ही शून्यापासूनच मोजतो."

"तुमच्या ऑफिसात मोजा. साखळी मराठीत मोजायची. सोमवारी कोणी 'आठ दिवसांनी येतो' म्हणालं, तर कधी येतं?"

"सोमवारी."

"म्हणजे पहिला सोमवार धरला की नाही? तसंच. पहिली पिन ती पहिली."

"जपानी इंजिन आहे, आई."

"जपानी लोक पहिल्याला शून्यावं म्हणतात का?"

तो खळखळून हसला आणि पुस्तिका उघडून बसला. चित्रात बाणासमोरच्याच पिनेखाली 'एक' हा आकडा छापलेला होता. मी जिंकले म्हणून मीही हसत होते. मग पाहिले, तर तो चित्राकडे बघतच राहिला होता. 

"म्हणजे मी चुकवलंच होतं," तो म्हणाला. "तू नसतीस तर मी तसंच बंद केलं असतं."

"पण मी होते. आणि अजून बंद केलेलं नाही."

"हो," तो म्हणाला. त्याने साखळी एका दाताने मागे घेतली, कॅम बसवला, टोप्या आवळल्या. आम्ही क्रँक दोनदा फिरवला. दोन्ही बाण जागेवर आले. त्याने झाकण लावले. मी साबुदाण्याची खिचडी केली. ते इंजिन तेव्हा खाली नेऊन चौकटीत चढवले असते, तर ही हकिगत लिहिण्याचे कारण उरले नसते.

दुसऱ्या दिवशी शिकवणीहून परतले तेव्हा झाकण उघडलेले होते. मोजलेल्या पिना लक्षात राहाव्यात म्हणून त्याने माझ्या नेलपॉलिशचे लाल ठिपके त्यांच्यावर दिले होते, आणि आता क्रँक दोनदा फिरवल्यावर बाण जुळत होते पण ठिपके भलतीकडे गेले होते.

"बघ," तो म्हणाला, "सरकलंय."

हे मात्र माझ्या विषयातले होते. मी त्याच्या शेजारी बसून सांगितले, की साखळीच्या कड्यांची संख्या आणि चाकाच्या दातांची संख्या वेगवेगळी आहे, म्हणून चाक जागेवर आले तरी साखळी जागेवर येणार नाही. दोन्ही एकदम केव्हा येतील, ते लसावि काढून कळेल. कागदावर लसावि काढून दाखवला. शंभराहून अधिक फेऱ्यांनंतर ठिपके बाणासमोर परत येणार होते. त्याला समजले. शाळेत असताना लसावि तो घरी माझ्याकडेच शिकला होता, आणि अशा गोष्टी त्याला नेहमीच चटकन समजत. 

समजल्यावर त्याने पाना घेतला आणि त्या सगळ्या फेऱ्या हाताने फिरवल्या. मी कणीक मळत होते, पाठीमागे पान्याचा आवाज चालू होता. ठिपके आले. मला ते तसेच येणार हे ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. नंतर तो म्हणाला, की मध्ये एकदा त्याचे लक्ष विचलित झाले होते, आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

मराठी शाळेत शिकलेल्यांना 'ताळा' हा शब्द सांगावा लागणार नाही. वजाबाकी केली की बेरीज करून पाहायची, भागाकार केला की गुणाकार करून पाहायचा. उलट वाटेने गेल्यावर मूळ संख्या हाती आली, की उत्तर बरोबर. मग उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचे गणित घ्यायचे. आमच्या वर्गात बाई म्हणत, ताळा न केलेले उत्तर म्हणजे अर्धे उत्तर. मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आले आणि मुलालाही सांगितले. रजेवर गेल्यापासून तो ज्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जात होता, त्यांना मी त्याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, पुन्हा पुन्हा तपासण्याचा हा आजार शिकवण्यातून येत नाही; सगळी मुले ताळा करतात आणि खेळायला जातात. हे त्यांनी दोनदा सांगितले. मी ते टिपून घेतल्यासारखे लक्षात ठेवले आहे.

त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती पाळणे मला फार जड गेले. त्याने 'बरोबर आहे ना?' असे विचारले, तर उत्तर द्यायचे नाही. 'हो' म्हटले की त्याला घटकाभर बरे वाटते, आणि तेवढ्या बऱ्या वाटण्यावर पुढचा प्रश्न पोसला जातो. म्हणून म्हणायचे, "हा तुझ्या आजाराचा प्रश्न आहे," आणि आपल्या कामाला लागायचे. ज्या बाईने उभ्या आयुष्यात उत्तरांपुढे बरोबरच्या खुणा केल्या, तिला तिच्याच मुलाच्या बरोबर उत्तरापुढे ती खूण करायची मनाई झाली.

नियम त्याला मान्य होता. त्यानेच मला, इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' जोडत, बजावले, "मी विचारेन, आई. डोन्ट आन्सर, लाह. मी रडलो तरी."

"आणि मी रडले तर?"

"तर मी तुला विचारतो, बरोबर रडतेयस ना." 

अशी थट्टा तो करू शकत असे, म्हणूनच मला वाटत राही की तो या गोष्टीच्या पलीकडे उभा आहे आणि एखाद्या दिवशी चालत बाहेर येईल. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवले होते, की इंजिन एकदा बंद करायचे आणि न उघडता खाली न्यायचे. बाकी दार, गॅस, ईमेल यांचे नंतर पाहू. एवढी एक गोष्ट त्याच्या हातून पुरी व्हावी. मला त्या दिवसांत दुसरे काही नको होते.

ते झाले नाही. झाकण लागे, कधी एक रात्र टिके, कधी दोन दिवस. एकदा त्याचा मित्र इंजिन न्यायला ट्रॉली घेऊन वर आला होता, आणि मुलगा त्याला म्हणाला, "दोन मिनिटं थांब हं." मित्र बाहेरच्या खोलीत बराच वेळ बसला. मी त्याला चहा दिला. मग पुन्हा चहा दिला. शेवटी तो उठला आणि इंग्रजीत हळूच म्हणाला, "ऑन्टी, मी पुढच्या आठवड्यात येतो." तो सभ्य मुलगा आहे, पुढचे दोन आठवडे तो येऊन गेला, मग त्याने येणे सोडले.

यजमानांचा फोन जहाजावरून जमेल तसा येई. त्यांना हे सगळे दुरून समजणे कठीण होते.

"अगं, आमच्या इंजिनाला शिडी लावून चढावं लागतं, तेही आम्ही एकदाच जोडतो. त्याला म्हणावं, लाव झाकण आणि मार किक."

"किक नाही त्याला, अहो. बटण आहे."

"मग दाब म्हणावं बटण. नाहीतर दे त्या पाया लेबार भागातल्या एखाद्या वर्कशॉपला."

"तिथून जोडून आणलं तरी तो उघडून बघणार."

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. मग ते म्हणाले, "तू जेवतेस ना वेळेवर?"

माझ्यातही काही बदलत होते. वर्गात मुलांना 'तपासून पाहा' म्हणणे माझ्याकडून सुटले. एका विद्यार्थिनीने मला हटकले, "टीचर, आज चेक करायला नाही सांगितलं?" इथली मुले तशीही तपासायला राजी नसतात, 'चेक ऑलरेडी, लाह' म्हणून वही पुढे ढकलतात. पूर्वी मी ती वही परत करीत असे. आता मी पाहत राही, की हे मूल किती सहज हात झटकून उठते.

शेवटची जोडणी झाली ती एका दुपारी. बाहेर ऊन होते, यार्डात बांबूंवर कपडे वाळत होते. मी नेहमीप्रमाणे पाना धरला. त्याने खुणा जुळवल्या, पिना मोजल्या. मी मोजायचे नाही असे ठरलेले होते, म्हणून मी कपड्यांकडे पाहत होते. तो कॅमच्या टोप्या टॉर्क रेंचने आवळू लागला. ठरलेला जोर पुरा झाला की त्या पान्यातून 'टक्' असा आवाज येतो आणि हात थांबवायचा असतो. मला त्या आवाजांची सवय झाली होती. एक आला. दुसरा आला. तिसऱ्या बोल्टला तो आला नाही. बोल्ट फिरत राहिला, लोण्यात फिरावा तसा, आणि त्याने हात थांबवला.

त्याने बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढला. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक चकचकीत तार गुंडाळलेली होती. इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट पोलादाचा. फार वेळा काढला-घातला की मऊ धातूतले आटे झिजतात आणि एक दिवस निघून हातात येतात.

"आटे गेले," तो म्हणाला.

तो बोल्ट हातात घेऊन बसला. मग त्याने तो वर्तमानपत्रावर ठेवला, हात धुतले, बराच वेळ अंघोळ केली, आणि टेबलाशी येऊन जेवला. त्याने आमटी मागून घेतली. मी मनाशी म्हटले, सुटला. आता तिथे तपासण्यासारखे काहीच राहिले नाही. यंत्रानेच ते काम थांबवले. इंजिन वाया गेले तर जाऊ दे. हे मी खरोखर मानले, आणि त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला तेव्हा मी तो मुलाला दिला. वडिलांनी सांगितले, की आटे जाणे ही काही मोठी गोष्ट नाही. भोक मोठे करून तारेचे नवे आटे बसवून मिळतात, जुन्याहून पक्के. 

"नको, बाबा."

"का रे? होईल ते."

"ते नवीन जोडणं होईल. मला काल जोडलेलं बरोबर होतं का, ते कळायला पाहिजे."

"बरोबरच असणार."

"असणार," तो म्हणाला, आणि फोन माझ्याकडे दिला.

आतापर्यंत त्याच्या प्रश्नाला निदान उत्तर असे. झाकण काढायचे, मोजायचे. ते उत्तर तासभर पुरे, दिवसभर पुरे. आता तो बोल्ट निघाल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅम एका बाजूने उचलला गेला होता आणि साखळी दातांवरून उतरली होती. तो प्रश्न आता ज्या क्षणाविषयी होता, तो क्षण उलगडून पाहण्याची सोय राहिली नव्हती. उलट वाटेने जाता येईल असे ते गणित उरले नव्हते. आणि प्रश्न मात्र होता तसाच होता. तो सकाळी विचारी, संध्याकाळी विचारी. मी डॉक्टरांनी शिकवलेले वाक्य म्हणे, हा तुझ्या आजाराचा प्रश्न आहे, आणि कपड्यांच्या घड्या घाली. तो रागावत नसे. "सॉरी, आई," म्हणून खोलीत जाई.

एका संध्याकाळी मी नियम मोडला. जेवणे झाली होती, तो ताट घेऊन उठला नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका थकवा होता की डॉक्टरांचे सगळे म्हणणे मला परक्या माणसाचे वाटले.

"बरोबर होतं," मी म्हणाले. "त्या दिवशीचंही, आधीचं प्रत्येक वेळचंही. मी तिथेच बसले होते."

त्याने मान वर केली. घटकाभर चेहरा सैल झाला. डॉक्टरांनी सांगितले होते तसाच. मग त्याने हळू आवाजात, दुखवू नये अशा बेताने विचारले, "तू पंधरावी पिन स्वतः बघितली होतीस?"

"बघितली होती."

"त्या दिवशी? का मी मोजली आणि तू धरून चाललीस?"

मी आठवू लागले. पहिल्या रविवारची पिन मला दिसत होती, तिच्यावर ठेवलेले माझे बोटही दिसत होते. त्या दुपारचे बांबूंवरचे कपडे दिसत होते, त्याची वाकलेली मान दिसत होती, हातातला पाना जड वाटत होता. साखळी मात्र दिसेना. मी पुन्हा पहिल्यापासून आठवले: खुणा, मग कॅम, मग साखळी. पुन्हा कपडेच आले.

"आई?" तो म्हणाला.

"थांब," मी म्हणाले. "आठवून सांगते."

आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.